पणजोबांचा जामीनकतबा

माझे पणजोबा टपालाची थैली घेऊन कऱ्हाडहून चिपळूणला उतरणाऱ्या कुंभार्ली घाटात धावायचे, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. आजीच्या ट्रंकेत त्यांचा एक पितळी बिल्ला होता आणि चार घड्या घातलेला एक मोडी कागद होता. आजी गेल्यावर दोन्ही वस्तू माझ्याकडे आल्या. पणजोबांची नोकरी कधी लागली, कधी सुटली, त्यांच्यावर देखरेख कोणाची होती, हे शोधायचं मी ठरवलं. त्यात दीड वर्ष गेलं. घरातल्या जुन्या रनरचा किंवा पोस्टमनचा शोध कोणाला घ्यायचा असेल तर त्याची पायपीट वाचावी, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

सुरुवातच चुकली. मी नावाने शोधत होते. नात्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं, की इतकी जुनी सेवापुस्तकं कुठल्याच कचेरीत मिळणार नाहीत, त्या वाटेला जाऊ नकोस. मग मी मुंबईला काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गेले. ओळखपत्र आणि शिफारसपत्र बरोबर ठेवा. तिथे सूची चाळायची, चिठ्ठी भरायची आणि दप्तर येईपर्यंत थांबायचं. पहिले चार दिवस मला हवं ते काहीच आलं नाही.

पाचव्या दिवशी लक्षात आलं, की मी चुकीच्या सरकारचे कागद बघते आहे. जुन्या काळी मुफसलातलं, म्हणजे मोठ्या शहरांबाहेरचं, टपाल जिल्ह्याच्या कलेक्टरच्या अंगावर असायचं. वसुली, न्यायनिवाडा सांभाळून उरलेल्या वेळात तो टपालाकडे बघणार. १८५० साली कंपनी सरकारने मुंबई, बंगाल आणि मद्रास इलाख्यांतून एकेक अधिकारी घेऊन चौकशी समिती नेमली आणि १८५४ च्या कायद्याने टपालाला स्वतंत्र खात्याचं रूप आलं. सगळ्या हिंदुस्थानचा एक डायरेक्टर जनरल, त्याच्या हाताखाली इलाख्याइलाख्यांत पोस्टमास्टर जनरल. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग पत्र कितीही लांब जावो. आपण शाळेत अर्ध्या आण्याचं तिकीट पाठ करतो, पण माझ्या शोधात महत्त्वाची ठरली ती दुसरी गोष्ट. खातं मध्यवर्ती सरकारचं झालं म्हणजे कागदांची वाटही कलकत्त्याकडे वळली. मुंबईच्या दप्तरात मला टपालाचा मजकूर भरपूर मिळाला तो त्याच्या आधीचा. पणजोबा त्यानंतरचे.

कलकत्त्याकडे गेलेले ते कागद आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की घरबसल्या शोधता येतं. १९०५ नंतरचं टपाल वाणिज्य आणि उद्योग खात्याखाली शोधा. तिथेही रनरची नावं नव्हती. फायली जागांच्या होत्या. अमुक विभागात इतक्या जादा रनरांना मंजुरी, अमुक ठिकाणी इन्स्पेक्टरची जागा, पगारवाढीचा प्रस्ताव. तेव्हा मी शोधायची पद्धतच बदलली. गरीब माणूस सरकारी कागदात नावाने येत नाही, जागेने येतो. त्याची वाट कोणती, टप्पा कोणता, कचेरी कुठली हे ठरवायचं आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांची साखळी धरून वर वर जायचं.

यात मला सगळ्यात जास्त मदत झाली ती १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाची. प्रत्येक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये टपालावर एक छोटा परिच्छेद असतो, बहुतेक लोक तो ओलांडून पुढे जातात. त्यात टपालकचेऱ्या, पोस्टमास्तरांचे दर्जे, खेड्यांत पत्रं वाटणारे नोकर आणि त्यांचे पगार असतात. पगार पौंडांत, कंसात रुपये. सबंध जिल्ह्याची टपालसेवा दहा-बारा ओळींत.

एवढा सांगाडा हातात आल्यावर पणजोबांची नोकरी मला दिसायला लागली. रनरचा टप्पा साधारण पाच-सहा मैलांचा. टप्प्याच्या टोकाला पुढचा माणूस थैली घ्यायला उभा. थैली लाखेने मोहरबंद, हातात घुंगरं लावलेली काठी नाहीतर भाला. थैलीबरोबरच्या कागदावर पोहोचल्याची वेळ पडायची आणि उशीर झाला तर दंड. रनरांवर ओव्हरसियर, तो वाट तुडवत टप्पे तपासायचा. त्याच्यावर इन्स्पेक्टर. तो न कळवता कचेरीत येऊन रोकड आणि तिकिटं मोजायचा, वहीत शेरा मारायचा. त्याच्यावर सुपरिटेंडेंट, मग मुंबईचा पोस्टमास्टर जनरल. सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या पावलांचा हिशेब ठेवायला एवढी माणसं होती. वरच्या खुर्च्यांवर मात्र पिढ्यानपिढ्या गोरे साहेब. गुरुनाथ बेवूर हे पहिले हिंदी डायरेक्टर जनरल झाले तेव्हा १९३० चं दशक उजाडलं होतं, म्हणजे खातं उभं राहून जवळजवळ ऐंशी वर्षं झाली होती. बेवूर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले.

खेड्यातली शाखा कचेरी बहुधा शाळेतच असायची. शाळामास्तरच पोस्टमास्तर, त्याला महिन्याला थोडासा भत्ता. खात्याला ते फार स्वस्तात पडायचं, वेगळा कारकून नको की वेगळी जागा नको. माझे आजोबा अशाच शाळेत शिकले. बाराखडी घोकताना कोपऱ्यात शिक्का मारल्याचा ठक्‌ठक्‌ आवाज यायचा, असं ते सांगायचे. त्याचा अर्थ मला आत्ता कळला.

मोडी कागद मी शेवटी वाचून घेतला, खरं तर तो आधी वाचून घ्यायला हवा होता. घरात मोडी कागद असेल तर पहिलं काम तेच करा. पुण्यात मोडी शिकवणाऱ्या एका गुरुजींकडे गेले. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, “ताई, हा जामीनकतबा आहे.”

पणजोबांच्या हातून टपालाचं काही नुकसान झालं तर ५० रुपयांपर्यंत आम्ही भरून देऊ, असं लिहून देणारा जामीन होता आमच्याच गावचा खोत, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारा वतनदार. साल १८९१. पणजोबा त्याच खोताचे कूळ. हे ऐकलं आणि आजीचं एक बोलणं आठवलं. ती म्हणायची, सरकारी नोकरी लागली तरी खोताच्या घरची लावणी आधी, आपली मागून. मला लहानपणी हा नुसता जुना अन्याय वाटायचा. आता त्याला कागद मिळाला. नोकरी सरकारची, पण माणूस भरवशाचा आहे हे सांगणारा खोत. ५० रुपये भरण्याची ऐपत गावात आणखी कोणाची होती?

जामीन मागण्यामागचं खात्याचं कारणही मला पटतं. १८८० पासून मनीऑर्डर टपालाकडे आली. चिपळूण, खेड, संगमेश्वरचा माणूस मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत, आणि त्याच्या पैशावर इथलं घर चालायचं. घाटातून उतरणाऱ्या थैलीकडे घरोघरी डोळे लागलेले असत. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद झाल्या की कऱ्हाडकडून घाट उतरणारी वाटच उरायची. त्या वाटेवर, त्या पावसात, इरलं पांघरून माझे पणजोबा.

कागदाच्या शेवटी सही नव्हती. त्यांच्या नावाआधी लिहिलं होतं, ‘निशाणी नांगर’, आणि शेजारी एक वेडावाकडा नांगर काढलेला होता. त्यांना लिहिता येत नव्हतं. रनरला वाचावं लागत नाही, थैली बंदच असते. पोस्टमन किंवा ओव्हरसियर व्हायला मात्र अक्षर हवं. ते वर का चढले नाहीत याचं उत्तर मला त्या नांगरात मिळालं, आणि मुलाला शाळेत घालण्यासाठी त्यांनी एवढा हट्ट का धरला याचंही.

निघताना मी गुरुजींना विचारलं, “पण गुरुजी, हा कागद कचेरीत असायला हवा. आमच्या घरी कसा आला?”

त्यांनी कागद उलटा केला. मागे दुसऱ्या हाताच्या दोन ओळी होत्या, शाई फिकट झालेली. त्या मी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या. रनरने नोकरी सोडली, येणेबाकी काही नाही, जामीन मोकळा केला, कागद परत दिला. साल १९१२. एकवीस वर्षांत खोताला एक आणाही भरावा लागला नव्हता.

गुरुजींनी त्या दोन ओळी मला पुन्हा वाचून दाखवल्या आणि मी त्या देवनागरीत उतरवून घेतल्या.