बावन्नाव्या वर्षी एल बोर्ड

चाळिशी ओलांडली की गाडीच्या लर्निंग लायसन्ससाठी डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए (तब्येतीचा दाखला) लागतो, तो परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर जोडला. आधारमुळे लर्निंगची परीक्षा घरबसल्या झाली. १५ प्रश्न, ९ बरोबर आले की पास. (चिन्हं तेवढी पाठ करा.) लर्निंग ६ महिने चालतं, पण पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतरच. खरी कसोटी त्या महिन्यात. क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही ब्रेक असतो, म्हणून धीर होता. चढावर मात्र क्लच सोडताना गाडी मागे सरकायची आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरून हातच काढायचा नाही. सरांनी हँडब्रेक ओढून निघायला शिकवलं, तेव्हा कुठे जमलं. परवा आरटीओत आठाचा आकडा काढला, रिव्हर्सही झाला. लायसन्स पोस्टाने येईल. सासूबाईंनी तुळजापूरला जायची तारीखसुद्धा ठरवून टाकलीय!