हेलसिंकीत दोन दिवस: जुन्या फिनिश चित्रपटांचं नेपथ्य आणि वेशभूषा

स्टुडिओंच्या जुन्या जागा शोधण्यात वेळ घालवू नका. नेपथ्य कळायला आधी खरी घरं पाहावी लागतात, म्हणून पहिला दिवस सेउरासारी बेटाचा. शहराच्या मध्यभागातून 24 क्रमांकाची बस शेवटच्या थांब्यावर सोडते, पुढे लाकडी पूल. बेट बारा महिने खुलं असतं, पण घरं फक्त मे मध्य ते सप्टेंबर मध्य या काळात, तिकीट काढून. जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला शहर सामसूम होतं. ते दिवस टाळा.

1909 पासूनच्या या खुल्या संग्रहालयात निएमेला हे कुळाचं घर आधी पाहा. धुराडं नाही, त्यामुळे लाकडी भिंती काजळीने काळ्याकुट्ट, खिडक्या चिमुकल्या. अशा भिंती प्रकाश गिळतात, आणि कॅमेरा मागे न्यायला जागाच नसते. स्टुडिओत भिंती सुट्या, हलवता येतील अशा का लागतात, ते इथे दारात उभं राहिलं की उमगतं. मग बंदिस्त अंगणाचं अंत्ती शेतघर आणि काहिलुओतोचा जमीनदारी वाडा.

एक चूक हमखास होते: चित्रपटातल्या घराची नक्षी इथल्या घरांशी ताडून पाहिली जाते. पण ही घरं वेगवेगळ्या प्रांतांतून आणलेली आहेत. दिग्दर्शक वालेंतिन वाला यांच्या ‘लोविसा’ या चित्रपटातलं (1946) निस्कावुओरी घराणं हामे प्रांतातलं, तर अंत्ती शेतघर दुसऱ्या प्रांतातल्या साक्युलाचं. म्हणून नक्षीची तुलना करू नका. चूल, लांब टेबल आणि भिंतीलगतचे बाक कुठे मांडलेत, ते पाहा.

जुने चित्रपट कृष्णधवल, म्हणून वेशभूषेसाठी मोबाइल कृष्णधवलवर ठेवून कापडांचे फोटो काढा. लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच करड्या छटेत मिसळतात. वेगळे उठून दिसतात ते पट्टे, चौकडी आणि विणीचा पोत. पांढरंशुभ्र कापड प्रखर दिव्यांखाली भगभगतं, त्यातले बारकावे उडतात. घरांत उजेड कमी, तेव्हा हात टेकवून फोटो घ्या.

दुसरा दिवस ओओदी ग्रंथालयातल्या किनो रेगीनासाठी. अभिनेत्री रेगीना लिन्नानहेइमो यांचं नाव मिळालेलं हे राष्ट्रीय चित्रपट संग्रहाचं थिएटर. इंग्रजी उपशीर्षकं गृहीत धरू नका. एलोनेत या मोफत संकेतस्थळावर कथासार आणि श्रेयनामावली आधी वाचून जा: ‘लावास्तुस’ म्हणजे नेपथ्य, ‘पुवुस्तुस’ म्हणजे वेशभूषा. उन्हाळ्यात चित्रपटांच्या खेळांचं वेळापत्रक तपासूनच तारखा ठरवा. घरं आणि पडदा दोन्ही साधायला सप्टेंबरचा पहिला आठवडा आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो.

दिग्दर्शक तेउवो तुलिओ यांचे सुरुवातीचे काही चित्रपट मात्र पडद्यावर पूर्ण सापडणार नाहीत. 1959 च्या आगीत ते जळाले. त्यांचं नेपथ्य आता मुख्यतः स्थिरचित्रांत पाहायचं.