दिवाडीच्या उकाड्यात डोंगरी पाम

गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या आमच्या परसात माड आणि पोफळी आपसूक वाढतात. म्हणूनच की काय, मला ओढ लागली ती थंड डोंगरांतल्या पामांची. कोलंबियाचा राष्ट्रीय वृक्ष असलेला, अँडीज पर्वतात 60 मीटरपर्यंत उंच जाणारा मेणपाम आणि आपल्याच कुमाऊंमध्ये 2000 मीटरच्या आसपास हिमवर्षाव सोसणारा ट्रॅकिकार्पस टाकिल ही त्यांतली ठळक नावे.

या झाडांना दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा अधिक बाधतो, असे माझे मत आहे. पानांनी दिवसा तयार केलेली साखर रात्री श्वसनात खर्च होते आणि तापमान वाढेल तसा हा खर्चही वाढतो. डोंगरात रात्री गारवा उतरत असल्यामुळे वाढीसाठी शिल्लक उरते, पण गोव्यात मे महिन्यात पहाटेही पारा 25 अंशांच्या खाली क्वचितच येतो. सावलीची जाळी हा त्यामुळे अर्धाच उपाय. शिवाय पावसाळ्यात साचलेल्या कोमट पाण्यात बुरशी मुळे कुजवते, म्हणून टाकिलची रोपे मी जांभ्याची खडी घातलेल्या मातीच्या कुंड्यांत, पागोळ्यांपासून दूर ठेवतो. सच्छिद्र कुंडीतून पाणी झिरपून उडते आणि मुळांना थोडा गारवा मिळतो. मेणपाम मात्र इथे लावू नये.

डोंगरी रूपच हवे असेल, तर सह्याद्रीतला भेरली माड उत्तम. त्याचे तुरे शेंड्याकडून खाली येत जातात आणि शेवटचा तुरा फळून झाला की झाड मरते, एवढे लक्षात ठेवून त्याला घरापासून लांब जागा द्यावी.