केळदचा पाट आणि एकवीस इंची चाकं

मढे घाटाला जायचं ठरलं तेव्हा माझी जुनी हॅचबॅक दारात तयार उभी होती. पण ताई म्हणाली, "यांची गाडी नुसती मॉलच्या पार्किंगमध्ये फिरते, एकदा तिला डोंगर दाखवू." यांची म्हणजे भाऊजींची. सेकंड हँड घेतलेली, पण लग्झरी एसयूव्ही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाडीची चूक काहीच नव्हती. एअर सस्पेन्शन, चारही चाकांना ताकद, डॅशबोर्डवर डोंगराच्या चित्राचं एक बटण. आणि कंपनीतूनच आलेली एकवीस इंची चाकं. सोसायटीतली पोरं त्या चाकांशेजारी उभं राहून फोटो काढतात.

दिवाळीनंतरचा रविवार. खडकवासला, डोणजे, खानापूर करत पाबे घाट चढलो. पाबे घाटातून एका बाजूला सिंहगड आणि समोर तोरणा-राजगड दिसायला लागले की माझं दरवेळी बोलणं बंद होतं. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, आणि त्यांचा देह उमरठला नेताना ज्या घाटातून उतरवला तो मढे घाट, असं या भागात सांगतात. भाच्याला हे सांगत होतो. त्याचा प्रश्न होता, "मग त्यांनी गाडी का नाही नेली?" मी गप्प बसलो.

वेल्हे, भट्टी, पासली. पासलीच्या पुढे, केळद गावाजवळ, एका टप्प्यात रस्त्याचं काम चालू होतं. म्हणजे खडी टाकलेली होती आणि काम बंद होतं. भाऊजींनी डोंगराचं बटण दाबलं, गाडी दोन बोटं वर उचलली गेली, सगळ्यांनी "वा!" केलं. दोनशे मीटरवर डाव्या बाजूनं धप्प असा आवाज आला. फुस्स झालं असतं तर पंक्चर म्हणून सोडून दिलं असतं. हा आवाज निराळा होता.

उतरून पाहिलं. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर ओरखडासुद्धा नाही. टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, मात्र चार बोटं लांब चीर, आणि रिमची कड आत दबलेली. खडीतला एक टोकदार दगड वर आला होता आणि त्या दगडाच्या आणि रिमच्या मध्ये बिचारं रबर चेंगरलं होतं. आपला सह्याद्री बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, पण फुटला की कडा अशा निघतात की सुरीला धार लावायला नको.

स्टेपनी होती, तीही सडपातळ, तात्पुरती. वर पिवळा स्टिकर, ताशी ८० च्या वर जाऊ नका. एअर सस्पेन्शनच्या गाडीला जॅक लावण्याआधी काय काय करायचं ते पुस्तकात वाचण्यात वीस मिनिटं गेली. मग जॅक लावला तर तो मुरमात रुतायला लागला. खाली दगड ठेवला, तो सरकला. एवढ्यात शेजारच्या खाचरातून एक म्हातारेबाबा आले. आम्ही त्यांना मामा म्हणायला लागलो. त्यांनी पाच मिनिटं आमची धडपड पाहिली, काही न बोलता घरी गेले आणि बसायचा लाकडी पाट घेऊन आले.

पाट अगदी छान बसला. गाडी वर आली, चाक बदललं, आणि जॅक उतरवताना शेवटच्या क्षणी कडाड! पाटाचे दोन तुकडे. दारात उभ्या मामींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की हळहळत होत्या, कळलं नाही. भाऊजींनी खिशात हात घातला तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो. जुना हुता." मग फाटलेल्या टायरला पायानं ढोसत म्हणाले, "आवं, ह्या चाकाला रबर कुठाय? निस्तं लोखंड हाय. आमचं वडाप बगा."

त्यांचं वडाप, म्हणजे शेअर प्रवासी नेणारी गाडी, अंगणात उभी होती: बोलेरो. मढे घाट राहिलाच. नसरापूरमार्गे, ताशी चाळीसच्या वेगानं, मागून येणाऱ्या प्रत्येक टेम्पोचा हॉर्न खात घरी आलो. वाटेत मी मोबाइलवर हिशेब मांडला.

टायरवरचे आकडे सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण फारसं कुणी वाचत नाही. आमच्या टायरवर होतं २७५/४५ आर २१. म्हणजे रुंदी २७५ मिलिमीटर, आणि गालाची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के: जेमतेम १२४ मिलिमीटर. बोलेरोला येतो २१५/७५ आर १५. रुंदी कमी, पण गालाची उंची १६१. मामांच्या जुन्या गाडीत दगड आणि लोखंड यांच्यामध्ये आमच्यापेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटर जास्त रबर आणि हवा. चाक बाहेरून केवढं असावं हे गाडीच्या बांधणीनं ठरलेलं असतं. रिम मोठी केली की ती जागा टायरच्याच वाट्यातून जाते. शोरूममध्ये रिमकडे बघून आपण "वा!" म्हणतो, ते खरं तर कमी झालेल्या रबराला म्हणतो.

पुढचे दोन शनिवार पुण्याच्या नाना पेठेत, टायरच्या दुकानांत. भाऊजींच्या डोक्यात एकच, दातेरी, ट्रॅक्टरसारखी गुट्टी असलेले टायर. इंटरनेटवर जे ऑफ-रोड दिसतं ते वाळवंट नाहीतर बर्फ. आपल्याकडे काय, ओला कातळ, खडी, भाताच्या खाचराचा चिखल, आणि या सगळ्याच्या आधी शंभर किलोमीटर डांबर. अशा चिखलासाठीच्या, मड-टेरेन टायरच्या मोठ्या गुट्ट्या चिखल फेकून देतात हे खरं, पण ओल्या डांबरावर आणि ओल्या गुळगुळीत कातळावर त्यांचा रस्त्याला लागणारा भाग थोडा असतो. पाबे घाटात जुलैच्या पावसात ब्रेक मारताना मला तरी ते नको. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या ऑल-टेरेन टायरच्या गुट्ट्यांवर बारीक चिरा असतात. त्या कडा ओल्यात पकड धरतात.

पण एकवीस इंचात ऑल-टेरेन मिळेना. तीन दुकानांत नकार. चौथ्या दुकानात होता, आणि किंमत अशी की तेवढ्यात माझी पहिली स्कूटर आली असती, पेट्रोलसकट. मी गालावरचे शेवटचे चार आकडे शोधले: ३११९. म्हणजे २०१९ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षं गोदामात पडून रबर कडक झालेलं. दुकानदार म्हणाला, "वापरलेला नाहीये साहेब, नवाच आहे." नवाच होता, सहा वर्षांपूर्वी.

पाचवं दुकान एका बोळात. गल्ल्यावर सत्तरीचे काका, चष्मा कपाळावर. त्यांनी आधी गाडी बघितली, मग विचारलं, "जाता कुठं?" एवढा वेळ हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "२०२० च्या जूनमध्ये सरकारनं बाहेरच्या टायरवर निर्बंध आणले, परवाना लागतो. त्यात आयएसआयचा शिक्का हवा. असल्या आडमापाच्या मालाचे लाड कोण करणार? एकवीसचा नाद सोडा. तुमच्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला वीसची रिम येते. पुस्तकात बघा."

पाहिलं, तर खरंच होतं. २७५/५० आर २०. बाहेरचा व्यास ७८.१ ऐवजी ७८.३ सेंटिमीटर, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागणार नाही. गाल पावणेचौदा मिलिमीटरनं उंच. भाऊजी म्हणाले, "एवढंच? मग २७५/५५ घालू की." काकांनी गाडी सस्पेन्शनवर खाली बसवायला लावली आणि चाक व कमानीच्या मधल्या फटीत बोट घातलं. बोट अडकलं. ५५ चा टायर व्यासानं जवळजवळ चार टक्के मोठा. गाडी खाली बसली आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतलं प्लास्टिक घासणार. शिवाय काट्यावर १०० दिसेल तेव्हा गाडी १०४ नं पळणार. एकोणीसची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर बसत नव्हती. भाऊजींनी ५५ चं नाव पुन्हा काढलं नाही.

वजनाचा आकडा मात्र काकांनी दोनदा तपासला. ११३ म्हणजे एका टायरवर ११५० किलो. गाडीला कंपनीनं सांगितलेल्या आकड्यापेक्षा खाली जायचं नाही, बस्स. वेगाचं अक्षर भाऊजींना खटकलं: जुन्यावर व्ही, म्हणजे ताशी २४०, यावर एच, म्हणजे २१०. "उतरतोय आपण," ते म्हणाले. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "एक्सप्रेस वेवर शंभरची मर्यादा आहे. उरलेले एकशेदहा कुठं वापरणार?" पण वीसच्या मॉडेलला कंपनीनंच एच चालतो असं लिहिलंय का, हे त्यांनी आमच्याकडून पुस्तकात वाचून घेतलं, मगच बिल फाडलं. ट्रकच्या जातीचे जाड, दहा प्लायचे टायरही त्यांच्याकडे होते. ते दाखवले आणि परत ठेवले. वजनदार, कडक, आणि तेवढाच भार उचलायला हवा जास्त मागणारे. "ताई मागं बसतात ना? मग नको."

रिम सापडल्या हडपसरला, एकाकडे. त्याला त्याच गाडीला बावीस इंची बसवायच्या होत्या. आमच्याकडे तो दयेनं बघत होता, आम्ही त्याच्याकडे. टायर पाच घेतले, चार नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या घेराचं झालं की त्याचा त्रास गिअरला. पूर्ण मापाची स्टेपनी डिकीत आडवी टाकल्यावर ताईच्या बॅगा मांडीवर आल्या, हे तिनं आजवर चार वेळा सांगितलंय. हवेचे सेन्सर जुन्या रिममधून काढून नव्यात घातले, तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तीन दिवस रुसलेलाच होता.

आवाजाबद्दल खोटं बोलणार नाही. चांदणी चौकापासून साठच्या वर गेलं की काचा बंद असूनही भुंगा शिरल्यासारखी गुणगुण. डिझेलही थोडं जास्त पितात. भाऊजींनी पहिला आठवडा गाणी मोठ्यानं लावून काढला.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी परत तोच रस्ता. पाबे घाटात धुकं, तोरणा कमरेपर्यंतच. पासलीच्या पुढे थांबलो आणि चारही चाकांतली हवा ३६ वरून २८ वर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि दगडाला ढकलण्याऐवजी त्याच्यावर वाकतो. आधीच्या १२४ मिलिमीटरच्या गालावर हे केलं असतं तर रिमच जमिनीला भेटली असती. जाताना परत भरायला बारा व्होल्टचा पंप होता; तो विसरलात तर हवा सोडू नका.

खडी होती तशीच होती. काम बंदही तसंच. भाऊजींनी यावेळी बटण दाबण्याआधी काच खाली घेतली आणि माझं डोकं बाहेर काढायला लावलं. "डावीकडे घ्या. अजून. दगड चाकाखाली येऊ द्या, बाजूला नको." गालाला वाचवायचं तर दगड नक्षीवर घ्यायचा, टाळायला गेलात की तो बाजूनं चावतो. हे आम्ही पहिल्यांदा उलटं केलं होतं. चालण्याहूनही हळू तो दोनशे मीटरचा टप्पा सहा मिनिटांत पार झाला.

मामा खाचराच्या बांधावरच होते. गाडी ओळखली, आम्हाला नाही. मग चाकापाशी उकिडवे बसले, गालावर अंगठा दाबून पाहिला आणि मान हलवली. "ह्ये बरं हाय. पर आमच्या वडापायवढं न्हाय."

तुळशीबागेतून आणलेला सागवानी पाट ताईनं मामींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा करून खालच्या पट्ट्या पाहिल्या, बोटानं ठोकला आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "ह्यो बाहेर न्यायचा न्हाई."

चहा झाल्यावर मढे घाटापर्यंत गेलो.