फेलोशिपवर जर्मनीला: व्हिसाला चालणारा विमा आणि आपल्याला चालणारा विमा

जर्मनीत नोकरीवर येणाऱ्याला विम्यासाठी फार डोकं लावावं लागत नाही. करारावर सही झाली की एखादी पब्लिक क्रांकनकास, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा संस्था, निवडायची, फॉर्म भरायचा, पुढे वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांचंही तसंच, त्यांना विद्यार्थी दराने पब्लिकमध्ये प्रवेश असतो. मी या दोन्हींत बसत नव्हते. वय तेहतीस, हातात संशोधनाची फेलोशिप आणि मागाहून येणारा नवरा, ज्याला बीपीची गोळी रोज चालू आहे.

फेलोशिप हा पगार नसतो, म्हणून पब्लिक विम्याची सक्ती नाही आणि त्याच कारणाने हक्कही नाही. स्वेच्छेने सभासद व्हायचं तर आधी ठरावीक काळ जर्मनीतल्या पब्लिकमध्ये किंवा युरोपातल्या दुसऱ्या देशाच्या तशाच व्यवस्थेत विमा असावा लागतो. भारतातून थेट येणाऱ्याकडे तो कुठून असणार? तरी मी विचारून पाहिलं. नकार आला, पण लेखी आला, आणि तो कागद मी जपून ठेवला. पुढे राहण्याच्या परवान्याच्या वेळी ‘पब्लिक का नाही?’ असं विचारलं गेलं तेव्हा तोच पुढे केला.

म्हणजे उरलं प्रायव्हेट. पण प्रायव्हेट या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात आणि वेबसाइटवर तिन्हींच्या खाली ‘व्हिसासाठी मान्य’ असंच लिहिलेलं असतं. पहिली प्रवास विम्याची पॉलिसी. तिच्यातला ३०,००० युरोंचा आकडा शेंगेन व्हिसाच्या २००९च्या नियमावलीतून आला आहे. तातडीचे उपचार, रुग्णालयातले आपत्कालीन उपचार, वैद्यकीय कारणाने मायदेशी नेण्याचा खर्च आणि मृत्यू, एवढं तिच्यात यायला हवं आणि ती सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवी. आई-बाबा उन्हाळ्यात भेटायला आले तर त्यांना ती पुरते. दुसरी ‘इनकमिंग’ पॉलिसी, बाहेरून येऊन काही वर्षं राहणाऱ्यांसाठीची. ती मुदतीची असते. तात्पुरता परवाना असलेल्यांचा असा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा करता येतो. तिसरा पूर्ण प्रायव्हेट विमा, जो जर्मन लोक स्वतः घेतात. माझ्यासमोर जी कोटेशनं आली त्यांत एका टोकाला महिना पस्तीस-चाळीस युरो होते आणि दुसऱ्या टोकाला चारशेच्या वर. त्यातून मला फक्त एवढंच कळलं की या एका जातीच्या वस्तूच नव्हेत, त्यांची किंमत शेजारी-शेजारी ठेवून काही उपयोग नाही.

व्हिसाचा टप्पा त्या मानाने सोपा गेला. वकिलातीच्या यादीत प्रवेशाच्या दिवसापासूनचा विमा मागितलेला असतो. मी सुरुवातीच्या काही महिन्यांची इनकमिंग पॉलिसी घेतली. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: प्रमाणपत्र जर्मन भाषेत मिळतं का, आणि व्हिसा लांबला तर सुरू होण्याची तारीख पैसे न कापता पुढे ढकलता येते का. दुसरी गोष्ट कामाला आली, कारण व्हिसा लांबलाच. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचं खातं) उघडून देणाऱ्या कंपन्या त्याच पॅकेजमध्ये विमाही देतात. तो आंधळेपणाने घेऊ नका. त्यात काय आहे ते स्वतंत्रपणे वाचा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे की चार पैसे वाचतात म्हणून पब्लिकमधून सूट घेऊन प्रायव्हेटमध्ये जाऊ नका. ती सूट एकदा घेतली की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही.

खरा अभ्यास करावा लागला तो राहण्याच्या परवान्यासाठी. इथे लागू होणारा कायदा वेगळा आहे. जर्मनीत वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला आरोग्य विमा असलाच पाहिजे असं विमा करार कायद्याचं कलम १९३ सांगतं, आणि तो कसा असावा हेही सांगतं. विमा कंपनीला जर्मनीत व्यवसायाची परवानगी हवी, दवाखान्यातले आणि रुग्णालयातले दोन्ही उपचार त्यात हवेत, आणि आपल्या खिशातून भरायचा वाटा वर्षाला ५,००० युरोंपेक्षा जास्त नको. प्रवास विमा यात बसत नाही. इनकमिंगपैकी काही बसतात, काही बसत नाहीत. जाहिरातीवरून ते ओळखता येत नाही. मी प्रत्येक कंपनीला एकच ईमेल पाठवला: तुमची ही पॉलिसी राहण्याच्या परवान्यासाठी पुरेशी आहे असं प्रमाणपत्र द्याल का, आणि त्यात खिशातला वाटा आणि एकूण खर्चाची मर्यादा स्पष्ट लिहाल का? काहींनी लगेच पीडीएफ पाठवलं. काहींनी माहितीपत्रकच पुन्हा पाठवलं. ती नावं मी यादीतून काढून टाकली.

मग अटी वाचायला बसले. हप्ता आणि कव्हर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतात. आपलं नशीब असतं ‘अपवाद’ नावाच्या कलमात, आणि ते जर्मनमध्येच वाचायचं, कारण इंग्रजी प्रतीच्या तळाशी ‘फक्त माहितीसाठी’ असं छापलेलं असतं. सगळ्यात स्वस्त पॉलिसीत एक वाक्य होतं: विमा सुरू होण्यापूर्वी माहीत असलेला किंवा ज्यावर उपचार चालू आहेत असा आजार आणि त्याचे परिणाम, यांचा खर्च मिळणार नाही. ‘त्याचे परिणाम’ इथे मी थांबले. नवऱ्याच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला किरकोळ असतो, तो आम्ही सहज भरला असता. पण बीपीचा परिणाम म्हणजे उद्या हृदयविकार किंवा पक्षाघातही असू शकतो. नेमक्या त्याच दिवशी ही पॉलिसी हात वर करणार होती. आणि गंमत म्हणजे प्रमाणपत्रात यातलं काहीच दिसत नव्हतं. तो कागद घेऊन गेलो असतो तर बहुतेक परवाना मिळालाही असता.

तिथेच आमचे दोन प्रश्न वेगळे झाले. माझ्यासाठी चांगली इनकमिंग पॉलिसी पुरेशी होती, कारण कुठलाच जुना आजार नाही आणि फेलोशिप मुदतीची. नवऱ्यासाठी पूर्ण प्रायव्हेट. तो सुरुवातीला लहान मुदतीच्या इनकमिंगवर आला, पत्त्याची नोंदणी झाल्यावर मगच पूर्ण विम्याचा अर्ज केला, कारण त्यासाठी इथला पत्ता मागतात.

त्या अर्जात तब्येतीचे प्रश्न असतात आणि ते बारीक असतात. गेल्या काही वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कशासाठी, काय निदान झालं, गोळी कुठली, किती मिलिग्रॅम. ‘भारतातलं इथे कोण बघतंय’ असा सल्ला देणारे मित्र भेटतात. त्यांचं ऐकू नये. चुकीचं उत्तर नंतर उघड झालं तर कंपनी करारातून बाहेर पडू शकते, आणि हे उघड होतं ते मोठं बिल गेल्यावरच. आम्ही भारतातल्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र घेतलं: निदान कधीचं, गोळी कुठली, बीपीची अलीकडची मोजमापं, हृदय आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या नॉर्मल. या पत्राचा उपयोग झाला. एका कंपनीने नाकारलं, दुसरीने हप्त्यावर जोखमीची वाढ लावून घेतलं. कुणीच घेतलं नसतं तर ‘बाझिसटारिफ’ नावाचा मूळ दर होता. प्रायव्हेट कंपन्यांना २००९पासून तो द्यावाच लागतो आणि त्यात आजारामुळे नाकारता येत नाही. पण तो २०२३ मध्ये महिन्याला सुमारे ८०८ युरोंपर्यंत जाऊ शकत होता. आमच्या बजेटमध्ये तो शेवटचा उपाय होता.

आणखी एक अट घाईत वाचून सुटते, ती प्रतीक्षा काळाची. प्रायव्हेट विम्यात सर्वसाधारण प्रतीक्षा तीन महिन्यांपर्यंत आणि बाळंतपण, मानसोपचार, दाताची कामं यांना आठ महिन्यांपर्यंत ठेवता येते. ज्या जोडप्याला इथे आल्यावर मूल हवं आहे त्यांनी कोटेशन मागण्याआधी कॅलेंडर उघडावं.

सल्लागाराबद्दल दोन शब्द. मोफत सल्ला देणाऱ्याला पैसे विमा कंपनीच देते, यात लपवण्यासारखं काही नाही, पण तो कोण आहे हे विचारावं. ‘फरट्रेटर’ कंपनीचा माणूस असतो. ‘माक्लर’ कायद्याने ग्राहकाच्या बाजूचा असतो आणि अनेक कंपन्यांची तुलना करतो. आमचा माक्लर भला निघाला. नवऱ्याची माहिती त्याने आधी नाव न घालता कंपन्यांना विचारली, त्यामुळे नकाराची नोंद कुठे राहिली नाही.

परदेशी नागरिक कार्यालयातल्या बाईंनी माझी फाइल पाहिली ती दहा मिनिटंही नसेल. फेलोशिपचं पत्र, भाडेकरार भराभर उलटले आणि विम्याच्या प्रमाणपत्रावर पेन थांबलं. पेनाचं टोक ओळीओळीवरून खाली सरकत गेलं. खिशातला वाटा, टिक. रुग्णालय, टिक. मग विचारलं, ‘परवाना संपला की हा विमा आपोआप बंद होतो का?’ परवान्याला बांधलेली अशी कलमं काही पॉलिसींत असतात आणि ती त्यांना नको असतात. माझ्या प्रमाणपत्रात करार अमुक तारखेपर्यंत असं लिहिलं होतं, परवान्याचा उल्लेख नव्हता. टिक. परवाना त्या तारखेपर्यंतचाच मिळाला, एक दिवस पुढचा नाही. म्हणून पॉलिसी फेलोशिपपेक्षा थोडी लांब घ्यावी असं मी आता सगळ्यांना सांगते. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मैत्रिणीला मात्र याच कागदावर आणखी पत्र मागितलं. कायदा एक असला तरी टेबलापलीकडचा माणूस वेगळा, तेव्हा आपल्या कार्यालयाची यादी आधी मागवून घ्यायची.

विमा वापरायची वेळ फार आली नाही. एकदा त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. काउंटरवर पहिला प्रश्न ‘पब्लिक की प्रायव्हेट?’ आणि प्रायव्हेट म्हटल्यावर अपॉइंटमेंट त्याच आठवड्यातली. याचं थोडं अपराधी वाटलं, खोटं कशाला बोलू. पुढे टपालाने बिल आलं. प्रत्येक ओळीत तपासणीचा क्रमांक, शेजारी गुणक. डॉक्टरांच्या शुल्काचा सरकारी तक्ता असतो आणि मूळ रकमेला डॉक्टर सहसा २.३ ने गुणतात. त्याहून जास्त लावलं तर कारण लिहावं लागतं. स्वस्त पॉलिसी याहून खालच्या गुणकापर्यंतच पैसे देतात, वरचा फरक आपला. बिल आपण भरायचं, मग कंपनीकडून परत मागायचं. म्हणून खात्यात थोडी रक्कम बाजूला हवी. रुग्णालयाचं मोठं बिल मात्र आधी कळवलं तर बहुतेक कंपन्या थेट भरतात.

२०२५ मध्ये मला विद्यापीठात नोकरी मिळाली. पगार वर्षाला ७३,८०० युरोंच्या त्या वर्षीच्या मर्यादेखाली, म्हणजे पब्लिक विमा आता सक्तीचा. वर्गणी १४.६ टक्के आणि त्यावर कासेची जादा वर्गणी, दोन्हींतला निम्मा भाग मालकाचा. दीर्घकालीन देखभाल विम्याची वर्गणी वेगळी. नवऱ्याचं उत्पन्न तेव्हा शून्य होतं. ते महिना ५३५ युरोंच्या आत असल्याने तो माझ्याच विम्यात कुटुंबीय म्हणून आला, एक पैसा जास्त न भरता. बीपीबद्दल कुणी विचारलंही नाही.

राहिल्या जुन्या पॉलिसी. विम्याची सक्ती सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कळवलं तर प्रायव्हेट करार त्याच तारखेपासून मागे जाऊन रद्द करता येतो आणि कुटुंबीय म्हणून विमा मिळालेल्यालाही हाच हक्क आहे. दोघांची पत्रं वेगवेगळी पाठवली, सोबत कासेचं प्रमाणपत्र जोडलं. माझी पॉलिसी निमूट बंद झाली. नवऱ्याच्या कंपनीने ‘पुढच्या महिन्याअखेर बंद करतो’ असं कळवलं, तेव्हा विमा करार कायद्याच्या कलम २०५चा उल्लेख करून पुन्हा लिहिलं. मग मागची तारीख लागली आणि मधल्या काळाचा हप्ता खात्यात परत आला.