तुम्ही विचारलंत म्हणून: ‘फ्लेअर अप’ला मराठीत एकच शब्द

‘फ्लेअर अप’ला मराठीत काय म्हणायचं, एकच शब्द सांगा. विद्यार्थी विचारतात, भाषांतर करणारे विचारतात, अलीकडे डॉक्टरही विचारतात. मी एक शब्द देत नाही, तेव्हा मी उत्तर टाळतेय असं समोरच्याला वाटतं. पण एक शब्द मी बरीच वर्षं दिलेला आहे. ‘भडकणे’.

तो चुकीचा नव्हता, हे आधी सांगते. विझत आलेली आग वाऱ्यानं पुन्हा पेट घेते, निखाऱ्यावर चरबी ठिबकून जाळ एकदम वर येतो, साध्या बोलण्यावरून माणूस अंगावर येतो. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत फ्लेअर अप आणि मराठीत भडकणं अगदी चपखल बसतं. एवढंच, की माणसावर भडकायचं तर इंग्रजीत ‘ॲट’ लागतं. आपण ‘माझ्यावर भडकला’ म्हणतो, म्हणून हात ‘ऑन’ लिहायला जातो.

पण आपलं भडकणं इंग्रजीपेक्षा पुष्कळ लांब पसरलेलं आहे. महागाई भडकते, पेट्रोलच्या दराचा भडका उडतो. त्यावरून ‘प्राइसेस फ्लेअर्ड अप’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकांत येतात. इंग्रजीत किमती ‘शूट अप’ होतात किंवा ‘सोअर’ होतात. ‘जमावाला भडकावलं’ यालाही फ्लेअर अप चालत नाही, कारण ते कर्म घेत नाही. तिथे ‘इन्साइट’ (incite) हवं. नाम करताना मध्ये जोडरेघ येते आणि जोर ‘फ्लेअर’वर जातो, क्रियापदात तो ‘अप’वर असतो. शिवाय ‘फ्लेअर’च्याच (flare) उच्चाराचा दुसरा शब्द आहे, त्याचं स्पेलिंग वेगळं (flair) आणि अर्थ अंगची हातोटी. त्याची गल्लत नेहमीची.

‘ब्रेक आउट’चा फरक मात्र मी तेव्हा नीट शिकवला नाही, आणि सगळं तिथेच अडलं. नव्यानं आग लागली, साथ आली, लढाई सुरू झाली, की ब्रेक आउट. फ्लेअर अपमध्ये बहुतेक वेळा ती गोष्ट आधीपासून असते, दबलेली असते, अचानक वर येते आणि काही काळानं पुन्हा खाली बसते. मराठीतले बरेच शब्द यातला एखादा तुकडा पकडतात आणि दुसरा सोडतात.

संधिवाताच्या रुग्णांसाठी एका दवाखान्याचं माहितीपत्रक माझ्याकडे मराठी करायला आलं होतं. त्यात ‘फ्लेअर-अप’ हे नाम अकरा वेळा होतं. मुख्य वाक्याचा आशय असा: फ्लेअर-अप आला तर सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्या, थंड शेक द्या, नेहमीची गोळी बंद करू नका, आणि तो ओसरला की हळूहळू हालचाल सुरू करा. माझा पहिला खर्डा ‘आजार भडकल्यास’ असा. दवाखान्यातून निरोप आला की रुग्ण विचारतात, अंगाची आग होते तेव्हाच का? प्रश्न रास्त होता. मी ‘आजार बळावल्यास’ केलं. शब्द आपला, वैद्यकात रुळलेला, कानाला बरा. छापून झालं.

‘बळावणं’ म्हणजे जोर धरणं, आणि त्यात खाली बसणं नाही. एका बाईंनी त्याचा सरळ अर्थ घेतला: आजार बळावला, म्हणजे औषध लागू पडत नाही. त्यांनी गोळी सोडली. ती मेथोट्रेक्सेट होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. तिचा गुण यायलाच काही आठवडे लागतात आणि सोडल्याचं नुकसानही लगेच दिसत नाही. ‘बंद करू नका’ हे त्याच वाक्यात होतं, असं मी आजही स्वतःला सांगते. पण वाक्याचा पहिलाच शब्द आशा काढून घेत असेल, तर पुढचं कोण कशाला वाचेल?

मग ‘दुखण्यानं उचल खाल्ली’. यात सगळं आहे: दुखणं जुनं, दबलेलं, पुन्हा उठलेलं. आजी-आजोबांना सांगावं लागत नाही. पण हे क्रियापद, आणि मला अकरा ठिकाणी नाम हवं होतं. ‘उचल’ एकटी लिहिली तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तिचा अर्थ मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ‘उचल आल्यास गोळी बंद करू नका’ हे वाक्य त्या घरात कसं वाचलं जाईल, याचा विचार करून मी ते खोडलं. ‘उद्रेक’ ज्वालामुखीचा आणि साथीचा. ‘चिघळणं’ जखमेचं आणि वादाचं, आणि त्यात हळूहळू बिघडणं आहे, एकदम उठणं नाही.

शेवटी पहिल्या ठिकाणी ‘दुखणं उचल खातं तेव्हा’ ठेवलं आणि पुढे दहा ठिकाणी ‘त्रासाचे दिवस’. दिवस येतात आणि जातात, हे त्या शब्दात आहे, म्हणून.

पूर्वीची मी यावर म्हणेल की शिकणाऱ्याला आधी एक खुंटी लागते. भडकणं दे, बाकीचं तो वाचून शिकेल. वर्गासाठी हे मला अजून पटतं. रुग्णाच्या हातातल्या कागदासाठी पटत नाही. पण तिचा दुसरा आक्षेप मला खोडता आलेला नाही: ‘त्रासाचे दिवस’मध्ये अचानकपणा उरला नाही. काल बरा असलेला गुडघा सकाळी उठल्यावर वाकत नाही, हेच तर त्या इंग्रजी शब्दात होतं. ‘अचानक येणारे त्रासाचे दिवस’ लिहून पाहिलं. दहा वेळा ते वाचवत नाही.