बर्ड्सबरो ते मॉक्सव्हिल : बून घराण्याच्या वाटेने

अठराव्या शतकातला अमेरिकन शिकारी आणि वाटाड्या डॅनियल बून म्हटलं की केंटकीचं जंगल आणि लांब नळीची बंदूक आठवते. मला मात्र हा माणूस त्याच्या घरच्यांकडून समजून घ्यायचा होता. म्हणून भाच्याला गाडी चालवायला तयार केलं आणि केंटकीच्या आधी पेनसिल्व्हेनियातलं बर्ड्सबरो गाठलं.

डॅनियलचा जन्म इथला, १७३४ चा. वडील स्क्वायर बून मूळचे इंग्लंडमधल्या डेव्हनचे, विणकर. ते आधी आले, आणि देश बघून परत न जाता इथेच राहिले. आजोबा जॉर्ज १७१७ मध्ये मागून आले. आज दिसतं ते दगडी घर पुढच्या मालकांनी बांधत नेलेलं. बून कुटुंबाच्या लाकडी घराचं उरलंय ते तळघर, आणि त्या तळघरातच झरा आहे. पाणी घरात, दूध-लोणी थंड ठेवायची सोयही घरात. अकरा मुलांची आई असलेल्या सारा बूनचा दिवस इथे कसा जात असेल, ते त्या ओलसर दगडांपाशी उभं राहिल्यावर कळतं.

जवळच क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं एक्सेटरचं सभागृह आहे. आजची इमारत बून कुटुंब निघून गेल्यानंतरची, पण या घराण्याचा खरा इतिहास याच सभेच्या नोंदींत आहे. वंशावळ शोधणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : १७५२ पूर्वीच्या क्वेकर नोंदींत महिन्यांना नावं नसतात, आकडे असतात, आणि ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. डॅनियलची जन्मतारीख जुन्या पंचांगाने २२ ऑक्टोबर आणि नव्याने २ नोव्हेंबर, कारण दोन्ही पंचांगांत अकरा दिवसांचा फरक. पंचांग १७५२ मध्ये बदललं.

त्या नोंदी सांगतात की १७४२ मध्ये थोरल्या मुलीने, साराने, क्वेकर नसलेल्या मुलाशी लग्न केलं. स्क्वायरनी सभेपुढे चूक कबूल केली. १७४७ मध्ये मुलगा इस्रायल यानेही तेच केलं. या वेळी बाप मुलाच्या बाजूने उभा राहिला, माफी मागायला नाही म्हणाला. १७४८ मध्ये सभेने त्यांना काढून टाकलं. आई सभेत राहिली. १७५० मध्ये जमीन विकून सगळे दक्षिणेला निघाले. जमिनीची ओढ होतीच, पण लेकरांपायी ओढवलेला हा दुरावाही मला तितकाच मोठा वाटतो. स्क्वायर बून या माणसाबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला तो इथे.

शेजारीच मॉर्डेकाय लिंकनचं १७३३ चं घर आहे. अब्राहम लिंकनच्या खापरपणजोबांचं. त्यांचा एक मुलगा, त्याचंही नाव अब्राहम, डॅनियलच्या चुलत बहिणीशी, अ‍ॅन बूनशी, १७६० मध्ये लग्न करून इथेच राहिला.

पुढचा प्रवास शेनानडोआ खोऱ्यातून. जुनी गाडीवाट आजच्या रस्त्यांखाली गेली आहे, तरी डावीकडे ब्लू रिज, उजवीकडे अ‍ॅलेघेनीच्या रांगा दिसत राहतात आणि माणसं दक्षिणेकडेच का सरकत गेली ते उमगतं. हॅरिसनबर्गजवळच्या लिनव्हिल क्रीकला बून काही काळ थांबले होते. लिंकन कुटुंबाची पुढची पिढीही नंतर तिथेच आली.

नॉर्थ कॅरोलायनात, मॉक्सव्हिलच्या जोप्पा दफनभूमीत, स्क्वायर आणि सारा यांचे दगड आहेत. स्क्वायर १७६५ मध्ये गेले, सारा १७७७ मध्ये. म्हणजे १७७३ मध्ये नातू जेम्स, डॅनियलचा थोरला मुलगा, केंटकीत शिरायच्या कंबरलँड खिंडीच्या अलीकडे मारला गेला तेव्हा आजी हयात होती. जेम्स सोळा वर्षांचा होता. हल्ला करणाऱ्यांत शॉनी आणि चेरोकी या मूळ अमेरिकी जमातींबरोबर डेलावेअर, म्हणजे लेनापे लोकही होते. बर्ड्सबरोची जमीन मुळात लेनाप्यांचीच. तिथून पश्चिमेला रेटले गेलेले लोक आणि तिथेच जन्मलेल्या माणसाचा मुलगा एवढ्या दूर समोरासमोर आले. बून घराण्याची कथा लेनाप्यांना वगळून सांगितली तर ती अर्धीच राहते, असं मी भाच्याला म्हटलं. त्याने नकाशावर जेम्स पडला ती जागा शोधली, व्हर्जिनियातली ली काउंटी, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिकडे निघालो.